कॉफीचा मग, टी-शर्ट आणि चित्रकाराचा वाटा: एका स्टॉक चित्रसेवेचे परीक्षण

मोठ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका स्टॉक चित्रसेवेला, म्हणजे चित्रकारांची चित्रे वापरण्याचा परवाना ग्राहकांना विकणाऱ्या संकेतस्थळाला, मी काही वर्षांपासून फुलापानांचे पॅटर्न आणि रेखाचित्रे देत आले आहे. चित्रे अपलोड करण्याची सोय, त्यांच्या तपासणीचा वेग आणि पैसे खात्यात जमा होण्यातला नियमितपणा या बाबतींत सेवेला नावे ठेवायला जागा नाही, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. हे परीक्षण एकाच प्रश्नापुरते आहे: आपले चित्र विक्रीच्या वस्तूवर छापले जाते तेव्हा आपल्या पदरात काय पडते, आणि ते कशाबद्दल पडले हे आपल्याला कळते का?

आधी व्यवहाराची रीत पाहू. बहुतेक सर्व मोठ्या सेवा चित्र दोन प्रकारच्या परवान्यांवर देतात. साध्या परवान्यावर ते जाहिरातीत, पुस्तकात किंवा वेष्टनावर वापरता येते आणि शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, आयस्टॉक या तिन्ही ठिकाणी छापील प्रतींची मर्यादा ५,००,००० आहे. मात्र गिऱ्हाईक वस्तू घेते ते मुख्यतः तिच्यावरच्या चित्रासाठी, अशी स्थिती असेल, म्हणजे पोस्टर, मग, टी-शर्ट, मोबाइलचे कव्हर किंवा कॅलेंडर असेल, तर विक्रेत्याला विस्तारित परवाना घ्यावा लागतो. साबणाच्या खोक्यावरचे फूल साध्या परवान्यात बसते. तेच फूल उशीच्या अभ्र्यावर गेले की बसत नाही. या सीमेवर वाद होऊ शकतात, पण तत्त्व म्हणून ती मला योग्य वाटते.

विस्तारित परवान्याचे पैसे एकदाच मिळतात. विक्रेत्याने त्या पॅटर्नचे दहा मग विकले काय किंवा दहा हजार विकले काय, चित्रकाराच्या खात्यात दुसऱ्यांदा काही येत नाही. आता टक्केवारी. अडोबी स्टॉक छायाचित्रे आणि रेखाचित्रे यांवर ३३ टक्के देते, म्हणजे परवान्याचे ८० डॉलर आले असे धरले तर २६.४० डॉलर. शटरस्टॉकने जून २०२० पासून १५ ते ४० टक्क्यांच्या सहा पायऱ्या ठेवल्या आहेत. त्याच ८० डॉलरवर तळच्या पायरीला १२ आणि वरच्या पायरीला ३२ डॉलर होतील. वरच्या पायरीवर जाण्यासाठी वर्षभरात २५,००० हून अधिक डाउनलोड व्हावे लागतात आणि १ जानेवारीला प्रत्येक जण पुन्हा तळाशी येतो. डिसेंबरात ज्या चित्राला एक दर मिळाला त्याच चित्राला जानेवारीत निम्मा मिळावा, याचे समर्थन मला कुठेही पटलेले नाही.

तरीही एकरकमी पद्धतीलाच दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. लहान विक्रेत्याने दर महिन्याला विकलेल्या नगांचा हिशेब चित्रसेवेला द्यायचा, सेवेने तो तपासायचा आणि जगभरच्या चित्रकारांना काही पैसे वाटायचे, हा खटाटोप व्यवहारात चालणार नाही. आपण चित्र देतो तेव्हा या अटी मान्य करूनच देतो. माझी तक्रार वेगळी आहे: या व्यवहाराची माहिती चित्रकाराला मिळत नाही.

मी ज्या सेवेचे परीक्षण करते आहे, तिच्या कमाईच्या पानावर प्रत्येक डाउनलोडची एक ओळ येते: तारीख, चित्राचा क्रमांक, परवान्याचा प्रकार आणि रक्कम. कोणी घेतले, कशासाठी घेतले, कोणत्या वस्तूवर छापणार, यांपैकी काहीही नाही. इंटरनेटवर विकायला ठेवलेल्या एका कुशन कव्हरवर मला माझा पॅटर्न आढळला. तो आरशातल्यासारखा उलटवलेला होता आणि शिवणीपाशी जोड न जुळल्यामुळे एक पान अर्धेच उरले होते, पण त्या पानाचे वाकडे देठ माझ्या हातचे होते, यात शंका नव्हती. कमाईच्या पानावर त्या चित्रापुढे साध्या परवान्याची डाउनलोड बरीच होती आणि विस्तारित परवान्याची काही थोडी. हे कव्हर त्यांपैकी कोणत्या ओळीतले, हे मला ठरवता येईना. मदतकक्षाला लिहिले तेव्हा ग्राहकाची माहिती गोपनीय असल्याचे आणि प्रकरण संबंधित विभागाकडे पाठवल्याचे सभ्य भाषेतले उत्तर आले; पुढे निकाल काही कळला नाही. ग्राहकाचे नाव नको, मला फक्त ‘या वस्तूसाठी परवाना आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच हवे होते. हे सांगितल्याने कोणाची गोपनीयता भंगते?

मागणीनुसार छपाई करणाऱ्या दुकानांमुळे ही अडचण वाढली आहे. तिथे वस्तू आधी तयारच नसते. ऑर्डर आल्यावर छापली जाते, त्यामुळे एकेक विक्रेता शेकडो चित्रे नुसती मांडून ठेवू शकतो. अशा मांडणीबाबत प्रत्येक सेवेच्या अटी वेगळ्या आहेत, आणि अनेक विक्रेते त्या वाचण्याच्या भानगडीत पडत नाहीत. याउलट चित्रकाराने स्वतःच अशा ठिकाणी दुकान मांडले, तर प्रत्येक विक्री त्याला दिसते. रेडबबल या अशाच एका संकेतस्थळावर मूळ किमतीवर आपला वाटा आपणच ठरवतो. तो बदलला नाही तर २० टक्के धरला जातो. अर्थात तिथे गिऱ्हाईक आणण्याची जबाबदारीही बरीचशी आपलीच असते, आणि ते काम चित्र काढण्याइतकेच वेळ खाणारे आहे.

पाचपैकी अडीच गुण द्यावेत, असे माझे मत आहे. पार्श्वभूमी, पोत, साधी चिन्हे यांसारखी जाहिरातीत आणि सादरीकरणात खपणारी चित्रे देण्यासाठी सेवा चांगली आहे. ज्या पॅटर्नची खरी किंमत कापडावर किंवा मगवर आहे, ते मात्र मी आता तिथे देत नाही. ते थेट उत्पादकाला ठरावीक वस्तूंसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी लेखी करार करून देते, आणि त्यात विक्रीवर टक्केवारी मागता येते. छायाचित्रकारांनी एवढे लक्षात ठेवावे की ओळखू येणाऱ्या माणसाची लेखी संमती नसलेले, केवळ बातमीपुरते म्हणून स्वीकारलेले छायाचित्र वस्तूवर छापण्यासाठी देताच येत नाही, तेव्हा विस्तारित परवान्याची कमाई तिथे धरूच नये. चित्र विकत घेऊन वस्तू बनवणाऱ्यांनी परवान्याची पावती चित्राच्या क्रमांकासह जपून ठेवावी. कोणी हक्क सांगितला तर विक्रीस्थळ आधी तीच मागते.