सत इसबगोल: पोटासाठी उत्तम, पण कर्करोगापासूनचे कवच नव्हे

किराणा दुकानात आणि औषधांच्या दुकानात सारख्याच सहजतेने मिळणारा सत इसबगोल, म्हणजे मुख्यतः उत्तर गुजरात आणि राजस्थानात पिकणाऱ्या इसबगोलाच्या बियांवरची फोलपटे, मी बद्धकोष्ठासाठी घेतो आणि त्या कामासाठी तो निःसंकोच सुचवतो. पाण्यात पडताच तो फुगून बुळबुळीत होतो, मलात पाणी धरून ठेवतो आणि सहसा सवय न लावता पोट साफ करतो. पाकीट घ्यायचे तर साधे, बिनचवीचे घ्यावे, कारण संत्र्याच्या चवीच्या प्रकारांत चमच्यातला बराच भाग साखरेचा किंवा गोडी आणणाऱ्या इतर पदार्थांचा असतो.

मात्र "आतडे साफ, म्हणजे कर्करोग दूर" या समजुतीने कोणी तो घेत असेल, तर तिला आधार नाही. आहारातला चोथा (फायबर) मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथले जिवाणू तो आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार होते आणि आतड्याच्या अस्तरातील पेशी त्यावर पोसल्या जातात. चोथ्याच्या संरक्षक परिणामाचे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. इसबगोल फारच कमी आंबतो. त्याचा बुळबुळीतपणा शेवटपर्यंत टिकतो तो यामुळेच, आणि ब्युटिरेटच्या बाबतीत तो तोकडा पडतो तोही यामुळेच. 2000 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत, पूर्वी आतड्यात अ‍ॅडेनोमा प्रकारच्या (पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या) गाठी आढळलेल्या लोकांना तीन वर्षे रोज 3.5 ग्रॅम इसबगोल दिला, तेव्हा त्या गाठी पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे 29 टक्के निघाले. निष्क्रिय औषध घेणाऱ्यांत ते सुमारे 20 टक्के होते. या एका चाचणीवरून इसबगोल घातक ठरत नाही, परंतु त्याला प्रतिबंधक म्हणणे नक्कीच चुकीचे ठरते.

याउलट अन्नाची बाजू भक्कम आहे. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाच्या 2017 च्या अहवालानुसार रोज 90 ग्रॅम अख्खे धान्य खाण्याचा संबंध मोठ्या आतड्याच्या व मलाशयाच्या कर्करोगाचा धोका 17 टक्क्यांनी कमी असण्याशी आढळला. 2015 च्या एका प्रयोगात 20 आफ्रिकी अमेरिकी आणि 20 ग्रामीण दक्षिण आफ्रिकी व्यक्तींनी दोन आठवडे आहाराची अदलाबदल केली. भरपूर चोथा आणि कमी चरबी खाऊ लागलेल्या अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढले व दाह घटला, तर दुसऱ्या गटात नेमके उलटे घडले. आपल्याकडे ज्वारी-बाजरीत 100 ग्रॅममागे 10 ते 11 ग्रॅम चोथा असतो, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात जेमतेम 3 ग्रॅम. त्यामुळे भाकरी आणि उसळ ताटातून काढून रात्री चमचाभर भुसा घेण्याचा व्यवहार मला तोट्याचा वाटतो. सॉसेज, बेकनसारखे प्रक्रिया केलेले मांस रोज खाणाऱ्याचा धोकाही इसबगोलाने भरून निघत नाही.

घेताना पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावा, कारण कोरडा भुसा घशात अडकू शकतो. इतर औषधांत आणि त्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. मलातून रक्त जात असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर नवे पाकीट आणण्याआधी डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी सांगितल्यास कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी) टाळू नये.