व्ही अँड ए म्युझियम, लंडन: दीड तासात उरकू नका, प्लीज

आमच्या टूरवाल्यांनी (नाव घेत नाही) कागदावर छापलेलं, 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, दीड तास'. दीड तासात आमचं एक दालनसुद्धा धड झालं नाही, कारण सासूबाई प्रत्येक काचेसमोर उभ्या राहून हे कसं विणलं असेल गं, हे कुठून जोडलंय गं, असं विचारत होत्या आणि खरं तर हे म्युझियम असंच बघायचं असतं. मग शुक्रवारी आम्ही दोघींनी टूरला टांग मारली आणि परत गेलो. शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, एरवी पावणेसहाला बंद. आत जायला तिकीट नाही, फक्त स्पेशल प्रदर्शनांना आहे, त्यामुळे दुसऱ्यांदा जाताना जिवावर आलं नाही.

राजे, लढाया, सनावळ्या असलं काही डोक्यात घेऊन जाऊ नका. १८५२ साली हे सुरू झालं तेच मुळी कारागिरांनी, कारखानदारांनी चांगलं काम बघावं आणि आपलं काम सुधारावं म्हणून. म्हणून इथे पेंटिंग आहेत पण जीव रमतो तो वाट्या, पडदे, पलंग, गालिचे यांच्यात. दालनांना चीन, जपान, दक्षिण आशिया, ब्रिटन अशी नावं आहेत, पण थोडं फिरलं की लक्षात येतं, वस्तू त्या पाट्यांना अजिबात जुमानत नाहीत.

म्हणजे शाहजहानचा प्यालाच घ्या. १६५७ सालचा, जेड नावाच्या पांढऱ्या दगडाचा, तळहातावर राहील एवढा. मी आधी समोरून बघितला, म्हटलं ठीक आहे, छान आहे. मग बाजूला जाऊन वाकून बघितलं तर अर्धा दुधी भोपळा कापावा तसा आकार, तो निमुळता होत होत वळतो आणि टोकाला चक्क बोकडाचं डोकं होतं, शिंगं, दाढी सगळं. खाली बुडाला कमळ. भोपळ्याची कल्पना चीनकडची, कमळ आपलं, आणि पानांच्या नक्षीत युरोप डोकावतो. आता याला कुठल्या संस्कृतीचा म्हणायचं? पाटीवर मुघल लिहितात, लिहू देत. जेड इतका कडक असतो की तो सुरीने कोरता येत नाही, त्याहून कडक दगडाची पूड लावून नुसता घासत घासत आकार द्यावा लागतो. ते कळल्यावर मी त्या बोकडाच्या कानाकडे परत जाऊन बघून आले.

सगळ्यात वर सिरॅमिक्स आहे, तिथे बरेच लोक पोचतच नाहीत, पाय गेलेले असतात. पण तुम्ही जा. चिनी निळी-पांढरी भांडी आपल्याला एकदम चिनी वाटतात ना, तर चौदाव्या शतकात त्यातला निळा रंग, कोबाल्ट, इराणकडून यायचा. मग तीच भांडी तुर्कस्तानात पोचली, इझनिकच्या कुंभारांनी त्यांच्या पद्धतीने केली, मग डच लोकांनी डेल्फ्टमध्ये नक्कल केली, आणि खरं पोर्सेलिन, म्हणजे अस्सल चिनी माती, युरोपला जमलं ते १७१० च्या आसपास जर्मनीत मायसेनला. एकाच मजल्यावर हे सगळं ओळीने बघताना वर्गात एकमेकांची वही बघून लिहिणारी पोरं आठवली मला.

इराणमधल्या अर्दबीलचा गालिचा मात्र वेळ बघून गाठा. १५३९-४० चा, साडेदहा मीटर लांब, जमिनीवरच मोठ्या काचेच्या पेटीत पसरलेला. रंग उडू नयेत म्हणून दिवे अर्ध्या तासातून दहाच मिनिटं पूर्ण लावतात. आम्ही गेलो तेव्हा अंधुक होतं, सासूबाई म्हणाल्या थांबू या, बसू या बाकावर. दिवे लागले आणि सगळी माणसं एकदम गप्प. त्यात अडीच कोटींच्या वर गाठी आहेत. हा इतका धडधाकट दिसतो कारण याच्या जोडीचा दुसरा गालिचा कापून याला ठिगळं लावलीत, तो बिचारा उरलेला अमेरिकेत लॉस एंजेलिसला असतो.

सासूबाईंचा निकाल मात्र वेगळाच, त्यांना आवडले गॅरिक नावाच्या इंग्रज नटाच्या पलंगाचे पडदे. "अगं, हे तर चीट!" लहानपणी त्यांना चिटाचं पोलकं असायचं. आंध्रातल्या मच्छलीपट्टणमकडचं काम, सुती कापडावर रंगीत वेलबुट्टी. इंग्लंडमध्ये तेव्हा असल्या कापडावर बंदी होती, तिथल्या विणकरांचा धंदा बसत होता म्हणून, त्यामुळे कस्टमवाल्यांनी हे पडदे जप्त केले होते. "म्हणजे पोलक्याचं कापड स्मगलिंगचं," असं म्हणून त्या जरा जास्तच खूश झाल्या.

टिपूचा वाघ बघितलाच पाहिजे, लाकडी, इंग्रजाच्या नरड्यावर बसलेला, पोटात ऑर्गन. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर लूट म्हणून आला. पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या म्युझियममध्ये कोणीही दांडा फिरवून त्याला गुरगुरायला लावायचं, शेजारी लायब्ररीत वाचत बसलेले लोक वैतागायचे. आता दांड्याला हात लावू देत नाहीत. मला तो जितका भीतीदायक वाटेल म्हणून गेले तितका नाही वाटला, चेहरा जरा मांजरासारखाच आहे, पण हे माझं मत.

कास्ट कोर्टमध्ये सगळ्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती, रोममधला ट्रेजन बादशहाचा खांब छतात मावेना म्हणून दोन तुकड्यांत उभा केलाय. दहा मिनिटं पुरे, ज्यांना शिल्पं आवडतात त्यांनी तास ठेवा.

जायच्या आधी वेबसाइटवर एकदा बघून घ्या, दालनं दुरुस्तीला बंद असतात, वस्तू इकडच्या तिकडे हलवतात. साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून थेट बोगदा आहे, पावसात भिजायला होत नाही. चपला आरामाच्या घाला. आमचं जपान राहिलंच, दहा वाजले.