नागपुरात ईव्ही घेताय? घरचा प्लग की बाहेरचा फास्ट चार्जर

शोरूममध्ये सगळे रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, ते विचारतात. त्याआधी विचारा, गाडीतला ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॅटचा आहे? घरात वीज येते एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी, आणि बॅटरीत जाते फक्त डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. हा बदल गाडीत होतो की बाहेर, तिथेच दोन्ही चार्जिंगचा सगळा फरक आहे.

घरी हे काम गाडीतला चार्जर करतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण ३.३ किलोवॅट मिळतात, म्हणजे ३० युनिटची बॅटरी पूर्ण भरायला नऊ-दहा तास. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जर, लावला तर वेळ निम्म्यावर येतो, पण गाडीतला चार्जरच ३.३ चा असेल तर ते पैसे पाण्यात. आणि खरं सांगायचं तर मनीषनगर ते बर्डी, दिवसभराचे चाळीस किलोमीटर धरले तरी सहा-सात युनिट लागतात. साधा सॉकेट रात्रीतून ते आरामात भरतो. अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नका.

फास्ट चार्जरमध्ये एसीचं डीसी गाडीबाहेर, चार्जरच्या कपाटातच होतं, गाडीतल्या चार्जरला वळसा घालून वीज थेट बॅटरीत जाते. ८० टक्क्यांपर्यंत काम झपाट्याने होतं, पुढे वेग मंदावतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला असताना समृद्धीवरून सुसाट आलेली गाडी चार्जरला लावली, तर तापलेली बॅटरी आधीच कमी करंट घेते. म्हणून मुंबईचा ७०१ किलोमीटरचा पट्टा वरचेवर करणाऱ्याने द्रवरूप कूलंटने (लिक्विड कूलिंग) थंड होणारी बॅटरी असलेलीच गाडी बघावी. शहरापुरतं चालवणाऱ्याला त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

चालताना इन्व्हर्टर बॅटरीच्या डीसीचं तीन फेज एसी करून मोटरला देतो. पाय उचलला की मोटरच जनरेटर होते आणि वीज उलट वाटेने परत येते. बर्डीच्या सिग्नलवर याचा फायदा दिसतो. समृद्धीवर एकसारख्या १२० च्या वेगात जवळजवळ काहीच परत येत नाही. बॅटरी काठोकाठ भरली असेल तर तिला परतीची वीजही घेता येत नाही, त्यामुळे रोजच्यासाठी ८०-९० टक्के पुरे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीला अधूनमधून पूर्ण भरायला कंपन्या सांगतात, तेवढं पुस्तिकेत पाहा.

स्वतःचं पार्किंग असेल तर माझं मत घरच्या सॉकेटला. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बुकिंगआधी सोसायटीकडून पार्किंगमध्ये लाइन ओढायची लेखी परवानगी घ्या. ती मिळत नसेल तर घराजवळचा फास्ट चार्जर आधी स्वतः जाऊन पाहा, तो चालू आहे का आणि संध्याकाळी रांग किती असते ते.