जेम की डबल एज? नागपुरात आठ महिने दोन्ही वापरून

नोव्हेंबरात मामेभाऊ न्यू जर्सीहून आला आणि सोबत एक जुना पितळी रेझर घेऊन आला. जेम मायक्रोमॅटिक, म्हणजे सिंगल एज, एकाच कडेला धार असलेलं ब्लेड लागणारा. तिकडच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याला मिळालेला, शिवाय दहा-दहा ब्लेडांची दोन पाकिटं. मी त्याआधी चार वर्षं डबल एजवर, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेल्या नेहमीच्या ब्लेडवर दाढी करत होतो. साधा तीन तुकड्यांचा रेझर, फारशी तक्रार नव्हती. पण सिंगल एजबद्दल इतकं कौतुक ऐकलं होतं की म्हटलं, बघू तरी. जूनपर्यंत दोन्ही आलटून पालटून वापरले.

माझी दाढी जाड आहे आणि मानेवर केस भोवऱ्यासारखे उगवतात, उजवीकडे खाली, डावीकडे आडवे. कार्ट्रिजने, म्हणजे दोन-तीन पात्यांच्या तयार प्लास्टिक डोक्याने, तिथे कायम पुरळ यायची, म्हणूनच एका सुट्या ब्लेडच्या सेफ्टी रेझरकडे वळलो. हे आधी सांगतो, कारण मऊ दाढीवाल्याला माझा अनुभव तसाच्या तसा लागू होणार नाही.

दोघांतला खरा फरक ब्लेडच्या जाडीत आहे. डबल एजचं ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर जाड, रेझर आवळला की टोपीखाली कमानीसारखं वाकतं आणि त्या वाकण्यानेच घट्ट बसतं. जेमचं ब्लेड त्याच्या दुपटीहून जाड, मागच्या कडेला पत्र्याची घडी घातलेली. ते वाकत नाही, सपाट बसतं. दांड्याच्या टोकाची कळ फिरवली की डोक्याचं झाकण उघडतं, ब्लेड आत सरकवायचं, कळ उलटी फिरवायची. काही सुटं होत नाही, बेसिनमध्ये काही पडत नाही. सकाळी चष्म्याशिवाय ब्लेड बदलणाऱ्याला हे सुख कळेल.

सेफ्टी रेझर म्हटलं की जिलेटचंच नाव घेतलं जातं, पण एका धारेचा प्रकार त्याच्याही आधीचा. न्यूयॉर्कच्या कॅम्फे बंधूंनी १८८० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मात्र त्याचं पातं उस्तऱ्यासारखं पट्ट्यावर घासून पुन्हा धार लावावी लागे. जिलेटने पातळ, वापरून फेकायचं दुधारी ब्लेड काढलं. १९०३ मध्ये त्याचे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं विकली गेली होती. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांच्या वर गेला.

जेमने पहिल्या आठवड्यात मला चार ठिकाणी कापलं. चूक माझी. डबल एज मी दांडा खाली झुकवून, अंदाजे तीस अंशांवर धरायचो, हात त्याच सवयीने चालला. जेमचं तसं नाही. डोकं आधी गालावर सपाट टेकवायचं आणि दांडा अगदी किंचित खाली आणायचा, बस. हे कळलं आणि मग गालावरून जो आवाज आला! खर्र, खर्र, सुक्या पानांवरून चालल्यासारखा. बायकोने बाहेरून विचारलं, आत काय खरवडून राह्यले? पण तो आवाज कामाचा आहे. केस कापले जाताहेत तोवर येतो, संपले की थांबतो. डबल एजचा आवाज माझ्या कानाला जेमतेम लागतो.

तीन दिवसांची दाढी असेल तर जेमला तोड नाही. पातळ ब्लेड जाड खुंटांवर थरथरतं आणि मानेवर जळजळ होते, जेमचं ब्लेड सरळ जातं. मानेवरची पुरळ डिसेंबरअखेर जवळपास गेली. मात्र नाकाखाली जेम म्हणजे वैताग. डोकं एवढं मोठं की मिशीची वरची कड दिसतच नाही, दोनदा नाकपुडीशी कापलं. मिशी पूर्ण काढणाऱ्याने नाक वर ओढून धरायची तयारी ठेवावी. मी शेवटी तेवढा भाग डबल एजनेच करायला लागलो.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये बाथरूमला बोअरचं पाणी आहे, जड. त्यात साबण फाटतो, फेसाऐवजी दह्यासारखी चोथापाणी जमते. मी दाढीपुरता नळाच्या पाण्याचा एक मग आणतो, त्याने फेस दुप्पट येतो. रेझर बदलण्याआधी हे करून बघा, फुकट आहे. मे महिन्यात त्रास उलटा. टाकीचं पाणी सकाळी सहालाच कोमट, गीझरची गरज नाही, पण कूलरची हवा अंगावर असेल तर फेस गालावर बघता बघता वाळतो. तेव्हा अर्धा चेहरा माखायचा, तेवढा करायचा, मग दुसरा. जेम वाळलेल्या फेसावर अजिबात माफ करत नाही.

आता दुखणं: ब्लेड. डिसेंबरअखेर वीसपैकी आठ संपली. सीताबर्डी, सदर, धरमपेठ, सगळीकडे विचारलं. डबल एजचं सेव्हन ओ क्लॉक, टोपाझ, सुपरमॅक्स म्हणाल ते, कोपऱ्यावरच्या किराण्यातसुद्धा. एक ब्लेड दोन-चार रुपये, पाच दाढ्या आरामात. जेमचं नाव काढलं की सगळे तोंडाकडे बघतात. बाहेरून मागवायचं तर कुरियर धरून एका ब्लेडचा हिशेब पन्नासच्या वर जात होता, आणि ते चालतं सहा-सात दाढ्या.

इतवारीत एका हार्डवेअरच्या दुकानात मात्र हुबेहूब तसंच ब्लेड दिसलं. तीच लांबी, तीच मागची घडी. दुकानदार म्हणाला, "भाऊ, हे तं काच खरवडाचं हाय. याच्यानं दाढी कराची हाय का तुमाले?" मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन बसवलं, अचूक बसलं. पहिल्याच ओढीला डोळ्यात पाणी. केस कापला नाही, उपटला. दाढीच्या ब्लेडच्या धारेवर लेप असतो, तो इथे नाही, धारही ओबडधोबड. हनुवटीवर तुरटी फिरवली तेव्हा जी आग झाली ती अजून आठवते. दुसऱ्या दिवशी त्या ब्लेडवर गंज चढला होता. मापात बसतं म्हणून लावू नका.

मधला मार्ग म्हणून अर्ध्या ब्लेडचे सिंगल एज रेझर मिळतात, डबल एजचं ब्लेड मधोमध मोडून लावायचं. आमचा न्हावी उस्तऱ्यात तेच करतो, कागदासकट कडकन मोडतो. पण ते ब्लेड पातळच राहतं, जेमचा जो जाडपणा मला आवडला तो त्यात येत नाही. म्हणून घेतला नाही.

वापरलेली ब्लेडं एका पत्र्याच्या डब्यात टाकतो, झाकणाला चीर पाडली आहे. कचरा गाडीवाल्याच्या हाताला लागू नयेत एवढंच. विमानाने जाताना ब्लेड हातातल्या बॅगेत चालत नाही, मागे मुंबईला जाताना पाकीट तपासणीतच राहिलं.

तर नवा माणूस विचारेल तर मी डबल एजच सांगेन, नागपुरात तरी. महिन्याचा खर्च वीस रुपयांच्या आसपास, ब्लेड संपलं तर चप्पल घालून आणता येतं. जेम घ्यायचा असेल तर ब्लेडं कोण आणून देणार हे आधी ठरवा. फेब्रुवारीपासून माझा जेम आठवड्यातून दोनदाच निघतो, रविवारी हमखास, आणि एखादा दिवस दाढी तुंबली तर. डब्यात सहा ब्लेडं उरलीत. मामेभाऊ दिवाळीला येतो म्हणतोय, त्याला चॉकलेटं आणू नको असं बजावून ठेवलंय.