जुन्या गोव्याचं फेस्त: वसईहून बस की रेल्वे?

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या फेस्तासाठी (सणासाठी) किंवा २४ नोव्हेंबरपासूनच्या नोव्हेनासाठी (नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी) वसईतल्या धर्मग्रामांत (चर्चच्या पॅरिशांत) आधी वाद होतो तो वाहनाचा.

बसची सोय अशी की चर्चच्या दारात चढायचं आणि सगळे एकत्र. पण ४५ आसनी बसचं भाडं ठरलेलं असतं. सात जणांनी आयत्या वेळी माघार घेतली की त्यांचा वाटा ३८ जणांवर पडतो, म्हणून निम्मे पैसे आधी घ्यावेत, तेही परत न मिळणारे. रात्रभराच्या प्रवासाला दोन चालक हवेतच. दर अडीच-तीन तासांनी थांबा धरा, नाहीतर मधुमेही मंडळी पाणी पिणंच टाळतात.

रेल्वेने करमळी स्थानकावर उतरलं की जुनं गोवं अगदी जवळ. खरी गोची आरक्षणाची. ते ६० दिवस आधी सुटतं, म्हणजे १ डिसेंबरच्या गाडीसाठी २ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता. एका तिकिटावर सहाच नावं बसतात. नेहमीची चूक म्हणजे आजी-आजोबांना नातवंडांसोबत त्या सहांत घालणं. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तरच मिळतो. तेव्हा त्यांची तिकिटं वेगळी काढा. डबे वेगळे आले तरी चालतील, पण मधल्या बर्थवर चढणं गुडघ्यांना झेपत नाही.

गटात निम्मे साठीपुढचे असतील तर रेल्वेच. पणजी, मडगावही करायचं असेल तर मात्र बस बरी, कारण करमळीहून पुढचं प्रत्येक वाहन वेगळं ठरवावं लागतं.