थिनर मागायला गेले आणि आधी प्रश्नच ऐकले

नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या गल्लीतलं रंगाचं दुकान, माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली सांगते.

झालं असं की इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटचं बाल्कनीचं ग्रील दिवाळीआधी घरीच रंगवायचं असं ह्यांनी ठरवलं, मजुरी वाचते म्हणे. घराजवळच्या एका हार्डवेअरवाल्याकडून ऑइलपेंटचा डबा घेतला, वर थिनर द्या म्हटलं तर त्यानं काही न विचारता एनसी थिनरची बाटली हातात ठेवली. ते रंगात घालून ब्रश फिरवला आणि थोड्याच वेळात खालचा जुना रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर आला! मग दोन दिवस पत्री घेऊन नुसतं खरवडत बसलो. कुठली मजुरी वाचली देव जाणे.

सोसायटीतल्या पेंटरभाऊंनी या दुकानाचा पत्ता दिला. इथंही मी तेच म्हटलं, काका थिनर द्या. तर काका म्हणे, "ताई, कशात घालायचंय ते सांगा, का काही पुसायचंय?" बस, या एका प्रश्नासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. ऑइलपेंट म्हटल्यावर त्यांनी टर्पेंटाइन काढलं, म्हणजे आपलं टर्पिन. एनसी थिनर म्हणजे टोल्युइन, ॲसिटेट असल्या जहाल द्रवांचं मिश्रण, ते फर्निचरवर वगैरे लॅकरचा स्प्रे मारतात त्यासाठी, भसकन उडून जातं आणि जुन्या ऑइलपेंटलाच फुगवून उचकटतं. टर्पिन सावकाश उडतं म्हणून ब्रशच्या रेघांना बसायला वेळ मिळतो. दुकानात टर्पिन म्हणून मिळतं ते बहुतेक पेट्रोलियमपासूनचं असतं हेही त्यांनीच सांगितलं, अस्सल टर्पेंटाइन चीडाच्या राळेतून काढतात, ते चित्रकार लोक घेतात आणि महाग पडतं, ग्रीलला कशाला हवंय.

दुसऱ्या खेपेला देव्हाऱ्याचं निघालं. सासूबाईंच्या माहेरचा सागवानी देव्हारा, उदबत्तीच्या धुरानं पार काळा, म्हणून जुनं पॉलिशच काढायचं होतं. टर्पिननं पुसला तर वरचा चिकट थर निघाला पण पॉलिश जसंच्या तसं, मला वाटलं माल भेसळीचा. काका हसले. म्हणे जुनं पॉलिश चपड्याचं असणार, म्हणजे लाखेचं, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, टर्पिनमध्ये नाही. तेल, ग्रीस, मेण, स्टिकरचा चिकटा याला टर्पिन नाहीतर रॉकेल (आता रॉकेल असतं कुणाच्या घरात म्हणा), बॉलपेनची शाई आणि चपडा याला स्पिरिट, ज्याची जात त्याला तोच द्रव. लगेच वर दम पण दिला की हे स्पिरिट मिथेनॉल वगैरे घालून विषारी केलेलं असतं, लहान पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

ॲसिटोनची गंमत वेगळीच. लेकीनं फेविक्विक सांडलं होतं टीव्हीच्या रिमोटवर, म्हणून मी ॲसिटोन मागितलं तर काकांनी आधी थर्माकोलचा तुकडा घेऊन त्यावर चार थेंब टाकले. तुकडा बसला ना खाली पाण्यात साखर विरघळल्यासारखा! "रिमोटचं प्लास्टिक पण असंच मऊ पडेल ताई, फरशीवरचं फेविक्विक असतं तर दिलं असतं." रिमोट तसाच वापरतोय, व्हॉल्यूमचं बटण थोडं घट्ट आहे इतकंच. नेलपॉलिश रिमूव्हर पण नीट वाचून घ्या, ॲसिटोन फ्री लिहिलेल्यात बऱ्याचदा इथाइल ॲसिटेट असतं, नखांना चालतं पण फेविक्विकवर ॲसिटोनइतकं चालत नाही.

आग मात्र हसण्यावारी नेऊ नका. ॲसिटोनची वाफ उणे वीस अंशालासुद्धा ठिणगीला पेटते, उकळतंच मुळी ५६ अंशांना. टर्पिन त्यामानानं गरीब, त्याला साधारण पस्तीस-चाळीस अंश लागतात, पण नाशिकचा एप्रिल आठवा, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तेवढं सहज होतं. आणि बाथरूमचं ब्लीच यातल्या कशातच मिसळायचं नाही, ॲसिटोनबरोबर तर क्लोरोफॉर्म तयार होतो.

आता कापलेला अर्धा स्टार. पार्किंग नाही, पण ते गावात कुठंच नाही, त्याचं काकांना काय बोलणार. दुपारी दुकान बंद, तेही मान्य. स्टार कापला सुट्या मालासाठी, स्पिरिट पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून देतात, वर ना नाव ना काही, दिसायला अगदी पाणी. एवढं समजावणारा माणूस आणि बाटली अशी? मी तोंडावर बोलले, तर म्हणे घरी जाऊन नाव टाका. टाकलं, पर्मनंट मार्करनं मोठ्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी ओतताना एक ओघळ बाटलीवरून खाली आला आणि माझं "स्पिरिट" पुसून गेलं. आता पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून वरून सेलोटेप मारलीये आणि बाटली माळ्यावर.