२ किलोचा एबीसी फायर एक्स्टिंग्विशर: घरात ठेवा, पण कढईवर मारू नका

दिवाळीच्या यादीत उटणं, पणत्या, फटाके सगळं असतं, आग विझवायचं सामान कुणी लिहीत नाही. आम्ही घेतलं ते आत्यासाठी. तिचा जुन्या नाशकात वाडा, जिना लाकडी, वर माळवद आणि गल्ली अशी की रिक्षावाला पण आरसा मिटवून आत शिरतो, तिथं बंब येणार कुठून.

एबीसी म्हणजे लाकूड-कापड, पेट्रोलसारखे द्रव आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारी पावडर भरलेला. तो अंबड एमआयडीसीजवळच्या एका दुकानातून घेतला. कंपन्यांना माल देणारी माणसं, एक नग मागितल्यावर तोंड वाकडं करतील वाटलं होतं, पण पोराने नीट वेळ दिला. बाटलीवर आयएसआयचा मार्क दाखवला, आतलं प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघायला लावलं. पिन खेचायची, नळी ज्वाळांवर नाही तर आगीच्या मुळाशी धरायची, दांडा दाबून डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखं फिरवायचं. आणि त्याने स्पष्ट सांगितलं की २ किलोचा माल आठ-दहा सेकंदात संपतो, म्हणजे पडदा, आकाशकंदील, कचऱ्याची बादली एवढ्यापुरताच, खोलीच पेटली तर हे राहू द्या, माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा.

आत्याचा पहिला प्रश्न, "चकली तळताना तेल पेटलं तर हेच मारू का रे?" तर नाही! जोरात फवारा बसला की पेटतं तेल उडतं. गॅस बंद, वर सपाट झाकण किंवा परात, आणि गार होईपर्यंत झाकण उचलून बघायचं नाही. पाणी तर अजिबातच नाही, पाण्याची झटक्यात वाफ होते आणि तेल अंगावर येतं. हे बाटलीवरच्या चित्रांवरून आत्यासारख्या माणसाला कळणं अवघड आहे, मराठीत चार ओळी छापायला काय होतं यांना?

बाकी वजन बायकांना, म्हाताऱ्यांना उचलण्यासारखं आहे. गाडीसाठी मिळतात ते छोटे स्प्रे स्वस्त पडतात, पण त्यातल्या बऱ्याच डब्यांना गेज नसतो म्हणजे आत प्रेशर उरलंय का ते कळायला मार्ग नाही, म्हणून मी तरी घेणार नाही. पावडर उडाली की घरभर पांढरा थर बसतो, टीव्ही-मिक्सरमध्ये शिरली तर लवकर साफ करावी लागते, नाहीतर धातू खराब होतो. थोडी मारली तरी बाटली परत भरूनच आणायची, उरलेल्यावर भरवसा नाही.

लावायचा कुठे? गॅसच्या शेजारी नको, तिथंच पेटलं तर हात कसा घालणार. आम्ही दाराजवळ, आत्याच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर लावला. भिंतीचा हूक मिळाला पण स्क्रू नाहीत, ते रविवार कारंजावरून आणावे लागले, म्हणून ५ पैकी ४.